मायट्रल झडपेचा एको: वाद कशाचा घालायचा?

सोनोग्राफीची यंत्रं हातात मावू लागली, मोबाइलला जोडता येऊ लागली आणि डॉक्टरमंडळींमधला एक जुना वाद नव्याने पेटला. एक बाजू म्हणते, स्टेथोस्कोपचे दिवस संपले. प्रत्येक डॉक्टरच्या खिशात एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, प्रोब (छातीवर टेकवायचा भाग) आला की काम झालं. दुसरी बाजू म्हणते, एकोने डॉक्टरांचे कान बधिर केले, धडधाकट माणसांना रुग्ण करून ठेवलं आणि हाताने तपासण्याची विद्या घालवली. दोन्हीकडे अनुभवी माणसं आहेत आणि ती तळमळीने बोलतात. तरी हा वाद भलत्याच मुद्द्यावर अडकला आहे असं माझं मत आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त भुर्दंड पडतो तो हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप बिघडलेल्या रुग्णांना. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मायट्रल झडपेच्या बिघाडाचं निदान एकोशिवाय पूर्ण होत नाही. पण ‘माइल्ड एमआर’ (झडपेची सौम्य गळती) एवढा शेरा मारून हाती ठेवलेला कागद म्हणजेही निदान नव्हे. झडप कशामुळे बिघडली, किती बिघडली आणि त्यापायी हृदयाच्या कप्प्यांची काय अवस्था झाली, हे ज्या एकोतून कळत नाही तो केला काय आणि न केला काय, सारखंच. भांडायचं तर यावर भांडायला हवं.

मुळात ही झडप म्हणजे नुसतं उघडझाप करणारं दार नाही. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये दोन पाकळ्या, त्यांच्याभोवतीचं कडं, पाकळ्यांच्या काठांना बांधलेले बारीक तंतू, ते तंतू खालून ताणून धरणारे दोन स्नायू आणि ते स्नायू जिच्यातून निघतात ती खालच्या कप्प्याची भिंत, असं हे सगळं मिळून एक यंत्र आहे. त्यातलं काहीही बिघडलं तरी झडप गळते. तंतू तुटला की गळते, पाकळी सैल होऊन वरच्या कप्प्यात फुगली की गळते, जंतुसंसर्गाने पाकळीला भोक पडलं की गळते. पाकळ्या आणि तंतू अगदी शाबूत असतानाही, हार्ट अटॅकनंतर खालचा कप्पा पसरला आणि त्याने तंतू खाली खेचून धरले, तरी गळतेच. र्‍हुमॅटिक तापाने (घशाच्या जंतुसंसर्गानंतर मुलांना येणाऱ्या, झडपा बिघडवणाऱ्या तापाने) पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटल्या तर मात्र ती नीट उघडेनाशी होते, अरुंद होते. पुष्कळदा अरुंदही असते आणि गळतही असते. गळतीच्या या सगळ्या तऱ्हा कानाला मात्र बहुतेक वेळा एकाच मर्मरच्या, म्हणजे ठोक्यांमधल्या खरखरत्या आवाजाच्या, रूपात ऐकू येतात. आणि उपचार? तुटलेल्या तंतूला शस्त्रक्रियेने दुरुस्ती, चिकटलेल्या पाकळ्यांना त्या सोडवणारा फुगा, पसरलेल्या कप्प्याला आधी औषधं. कारण कळल्याशिवाय यातलं काय निवडणार?

एकोचा जन्मच या अडचणीतून झाला आहे, आणि वाद घालणाऱ्यांना नेमका त्याचाच विसर पडलेला दिसतो. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री साउटर या शल्यविशारदाने एका तरुण मुलीच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातून बोट आत घालून मायट्रल झडप चाचपली. झडप अरुंद आहे, ती कापून मोकळी करायची, या तयारीने ते गेले होते. बोटाला जाणवलं ते असं की अरुंदपणा बेताचा आहे आणि गळतीच जास्त आहे. त्यांनी सुरी वापरली नाही, बोटानेच जमेल तेवढं मोकळं केलं. मुलगी वाचली. पण त्यानंतर फिजिशियनांनी त्यांच्याकडे असा एकही रुग्ण पाठवला नाही, आणि ही शस्त्रक्रिया रुजायला १९४८ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन यांनी काही दिवसांच्या अंतराने ती यशस्वी केली. आता पेच उघडच होता. अरुंद झडप मोकळी केली तर रुग्ण सुधारतो. गळक्या झडपेला आणखी मोकळं केलं तर तो दगावू शकतो. छाती उघडण्याआधी हे ओळखायचं कसं? स्वीडनमधल्या लुंड इथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांच्यासमोर हाच प्रश्न होता. त्यांनी कार्ल हेलमुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. हर्ट्झ यांना ठाऊक होतं की जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूच्या पोटातल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधतात. तसलं यंत्र त्यांनी मिळवलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये धडधडत्या हृदयाचा प्रतिध्वनी पहिल्यांदा नोंदला गेला. एडलर मर्मर ऐकण्यात कच्चे होते म्हणून त्यांनी हा खटाटोप केला, असं कोण म्हणेल? त्यांना जे हवं होतं ते कानातून मिळण्यासारखं नव्हतं, एवढंच.

त्याच इतिहासातली दुसरी गोष्ट मात्र यंत्रवाल्यांनी नीट ऐकावी. पडद्यावर वरखाली होणारी जी ठळक रेघ एडलर यांना दिसत होती, ती सुरुवातीला त्यांना वरच्या कप्प्याची पुढची भिंत वाटली. ती झडपेची पुढची पाकळी आहे हे पुढे मृतदेहांवर पडताळून पाहिल्यावर कळलं. म्हणजे यंत्राने पहिल्या दिवसापासून खरंच दाखवलं होतं. काय दाखवलं आहे ते समजायला वर्षं गेली. एकोच्या बाबतीतला हा धोका सत्तर वर्षांनंतरही तसाच आहे.

कानाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. स्टेथोस्कोप लागलीच मिळतो, त्याला वीज लागत नाही, आणि तो लावताना डॉक्टर रुग्णाच्या जवळ जातो, त्याच्याशी बोलतो. खाटेशी बसून केलेल्या तपासणीतून ‘या माणसाला नेमकं काय होतंय’ हा प्रश्न तयार होतो, आणि प्रश्नच नसेल तर एको उत्तर कशाचं देणार? हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण यातून कानाने निदान होतं असं सिद्ध होत नाही. ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात कोणतीही तक्रार नसलेल्या वयस्क लोकांची छाती आधी डॉक्टरांनी ऐकली, नंतर एको केला. कोणत्याही झडपेतला लक्षणीय बिघाड कानाने पकडला गेला तो जेमतेम ४४ टक्के वेळा. मायट्रलची सगळ्यात भयंकर गळती तर पुष्कळदा जवळजवळ मुकी असते. हार्ट अटॅकनंतर झडपेला धरणारा स्नायूच फाटला की क्षणार्धात दोन्ही डाव्या कप्प्यांतला दाब सारखा होत जातो, रक्ताला जोराने उसळायला फरकच उरत नाही, आणि मर्मर क्षीण होतो किंवा ऐकूच येत नाही. रुग्ण धापा टाकतोय, फुप्फुसात पाणी भरलंय आणि छातीवर काही ऐकू येत नाही, अशा वेळी कानावर विसंबणं जिवावर बेतू शकतं. आणि स्टेथोस्कोपला तरी कुठे सगळ्यांनी हसत घरात घेतलं होतं? १८१६ साली रने लाएनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला लावली. पुढे त्यांच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर ज्यांनी केलं त्या जॉन फोर्ब्स यांनीच १८२१ मध्ये प्रस्तावनेत शंका घेतली होती की हे साधन सर्रास वापरात येणं अवघड आहे. आज जे ‘जुनी विद्या’ म्हणून जपायचं म्हणतात, ते एकेकाळी असंच उपरं होतं.

विरोधकांचा खरा वजनदार मुद्दा दुसरा आहे: एकोने नसलेले आजार जन्माला घातले. हे खरं आहे, आणि याच झडपेबाबत खरं आहे. १९६० च्या दशकापर्यंत ठोक्याच्या मध्ये ऐकू येणारा ‘क्लिक’ हा हृदयाबाहेरचा, बिनमहत्त्वाचा आवाज समजला जात असे. १९६३ मध्ये जोहान्सबर्गच्या जॉन बार्लो यांनी दाखवलं की क्लिक आणि त्यापाठोपाठचा मर्मर मायट्रल झडपेतूनच येतात. पाकळी वरच्या कप्प्यात फुगते, तिचा तो आवाज. पुढे एको आला आणि जिकडेतिकडे ‘प्रोलॅप्स’ दिसू लागला. काही पाहण्यांत तर धडधाकट तरुण माणसांतही त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं. किती जणांना छातीत धडधडलं की झडपेची भीती घालण्यात आली असेल! मग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या रॉबर्ट लेव्हिन यांच्या गटाने घोळ कुठे आहे ते शोधलं. झडपेचं कडं सपाट नसतंच, ते खोगिराच्या आकाराचं असतं. हृदयाचे चारही कप्पे दिसतात त्या दृश्यात कड्याचा खोलगट भाग समोर येतो, म्हणून पाकळ्या जागच्या जागी असूनही वर सरकल्यासारख्या दिसतात. हृदयाच्या उभ्या छेदाच्या (लांब अक्षाच्या) दृश्यात पाहिलं, आणि पाकळी कड्याच्या वर किमान २ मिलिमीटर जायला हवी असा निकष लावला, की गर्दी ओसरते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावच्या लोकसंख्येतून आलेला आकडा होता २.४ टक्के. या प्रकरणातून ‘एकोवर भरवसा नको’ असा निष्कर्ष काढणारे अर्धीच गोष्ट सांगतात. चूक एकोच्या वाचनातली होती, आणि ती दुरुस्तही एकोनेच केली, झडपेचा आकार तिन्ही मितींत समजून घेऊन. बार्लोंच्या आधीच्या काळात कानानेही तीच चूक उलट्या दिशेने केली होती: खऱ्या आवाजाला खोटं ठरवलं होतं. ते दुरुस्त करायलाही चित्रच लागलं.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचा अभ्यासही विरोधक हमखास पुढे करतात, आणि तो टाळून पुढे जाणं योग्य होणार नाही. मध्यमवयीन ६,८६१ लोकांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांचा सरसकट एको केला, बाकीच्यांचा केला नाही, आणि १५ वर्षं वाट पाहिली. एको झालेल्यांत मृत्यू २६.९ टक्के, न झालेल्यांत २७.६ टक्के. फरक म्हणावा असा काही नाही. म्हणजे ज्याला धाप लागत नाही, ज्याच्या छातीत मर्मर नाही, ज्याला र्‍हुमॅटिक ताप कधी आलेला नाही, अशा माणसाला वाढदिवसाच्या भेटीसारखा एको देऊ नये. हे मी मान्य करतो, आणि ‘फुल बॉडी चेकअप’च्या यादीत तो घुसडणाऱ्यांनीही मान्य करावं. कितीतरी निरोगी हृदयांत मायट्रलमधून किंचित रक्त मागे येतं. त्याला नाव देऊन माणसाला घोर लावण्यात कसली आली आहे वैद्यकी? पण ट्रॉम्सोचा निष्कर्ष धाप लागणाऱ्या रुग्णाला लागू करणं, किंवा ज्या समाजात र्‍हुमॅटिक ताप अजून मुलांची हृदयं खातो आहे तिथे लागू करणं, हे तर्काला धरून नाही. २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. कानाने दर हजारी दोनच्या आसपास मुलांत र्‍हुमॅटिक हृदयरोग सापडला. एकोने कंबोडियात २१.५ आणि मोझांबिकमध्ये ३०.४. दहापट! तेव्हा संशयवाद्यांनी रास्त प्रश्न केला होता: सापडला खरा, पण एवढासा दोष सापडून उपयोग काय? प्रोलॅप्सचीच पुनरावृत्ती नाही ना ही?

या प्रश्नाचं उत्तर वाद घालून मिळालं नाही, ते युगांडात प्रयोग करून मिळालं. एकोने सापडलेला, बाहेरून काहीही न जाणवणारा र्‍हुमॅटिक दोष असलेली ५ ते १७ वर्षांची ८१८ मुलं घेतली. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी पुन्हा एको. इंजेक्शन घेणाऱ्यांत दोष वाढला ०.८ टक्के मुलांत, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के मुलांत. यातलाही कच्चा दुवा सांगायला हवा: काहीही न करता नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचा दोष दोन वर्षांत वाढला नाही, आणि एका मुलाची वाढ रोखायला साधारण १३ मुलांना ती दुखरी इंजेक्शनं महिन्यामागून महिने घ्यावी लागतात. हा हिशेब आईबापांसमोर उघडपणे मांडावा. तरीही पंचविशीत धाप लागून, गरोदरपणात फुप्फुसात पाणी भरून, झडप दगडासारखी कडक झाल्यावर निदान होण्यापेक्षा हा सौदा मला कितीतरी चांगला वाटतो. आणि इथे मर्यादा पाळलेली आहे हेही पाहा. मागे येणारी प्रत्येक धार म्हणजे रोग, असं इथे मानत नाहीत. २०१२ च्या जागतिक निकषांनुसार धार दोन वेगळ्या दृश्यांत दिसायला हवी होती, किमान एका दृश्यात २ सेंटिमीटर लांब हवी होती, तिचा वेग सेकंदाला ३ मीटर तरी हवा होता आणि ती संपूर्ण आकुंचनभर टिकायला हवी होती. प्रोलॅप्सच्या गोंधळातून जो धडा घ्यायचा होता तो इथे घेतला गेला.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे प्रोब खिशात आला की सगळं झालं असं मानणाऱ्यांकडे वळतो. माझा त्यांच्याशी मतभेद जास्त तीव्र आहे, कारण पुढचा काळ त्यांचाच असणार आहे.

एकोच्या खोलीत काय होतं ते जवळून पाहा. दिवे मंद केलेले, रुग्ण डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. छातीच्या हाडाच्या डावीकडे जेली लावलेला प्रोब टेकवला की हृदयाचा उभा छेद पडद्यावर येतो. र्‍हुमॅटिक अरुंद झडपेत पुढची पाकळी मध्येच वाकते, टोक मागे धरून ठेवल्यासारखं आणि पोट पुढे; डॉक्टर त्याला ‘हॉकी स्टिक’ म्हणतात. प्रोब काटकोनात फिरवला की झडपेचं तोंडच समोर येतं, आणि त्याची कडा आखून क्षेत्रफळ मोजता येतं. निरोगी तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर, १.५ किंवा त्याखाली गेलं की आजार गंभीर. पण छेद पाकळ्यांच्या टोकाशी न घेता जरा वर घेतला, की तेच तोंड मोठं मोजलं जातं आणि गंभीर रुग्ण ‘मध्यम’ होऊन घरी जातो. म्हणून दुसऱ्या वाटेने पडताळा घेतात: डॉप्लरने (एकोच्याच एका तंत्राने) रक्ताचा वेग मोजायचा, त्याच्या वर्गाला चारने गुणायचं की दाबातला फरक मिळतो. नॉर्वेच्या लिव्ह हाटले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हे गणित रुग्णांवर रुळवलं, आणि तोवर त्यासाठी हृदयात नळी घालावी लागत होती ती पुष्कळांची टळली. दोन्ही वाटांची उत्तरं जुळत नसतील तर थांबून पुन्हा पाहायचं असतं. हे थांबणं म्हणजेच कौशल्य, आणि ते खिशातल्या प्रोबबरोबर आपोआप येत नाही.

गळतीत तर फसगत आणखी सोपी. गळती दाखवणारा पडद्यावरचा रंग म्हणजे रक्त, असा समज आहे. तो रंग वेगाचा असतो. यंत्रावरची वेगमर्यादा खाली घेतली की तीच गळती फुगून दिसते. उलट, तंतू तुटून पाकळी उलटली असेल तर धार तिरकी जाते, वरच्या कप्प्याच्या भिंतीला चिकटून वाहते आणि प्रत्यक्षात भयंकर असूनही पडद्यावर बारीक दिसते. तपासणीच्या वेळी रक्तदाब चढलेला असेल तर गळती वाढते, भूल दिलेली असेल तर घटते. असं असताना रंगाकडे नजर टाकून ‘माइल्ड’ लिहिणं याला मोजमाप म्हणायचं का? आणि सगळ्यात फसवा आकडा म्हणजे ईएफ, म्हणजे दर ठोक्याला खालचा कप्पा आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. गळक्या झडपेत खालच्या कप्प्याला रक्त मागे, कमी दाबाच्या कप्प्यात ढकलायची सोपी वाट मिळालेली असते. त्यामुळे तो थकलेला असला तरी ईएफ छान दिसतो. गंभीर गळती असलेल्या रुग्णाच्या रिपोर्टवर ‘ईएफ ५५ टक्के, नॉर्मल’ असं लिहून येतं आणि सगळे निर्धास्त होतात. वास्तविक पाकळ्या किंवा तंतूच बिघडून झालेल्या अशा गळतीत ईएफ ६० टक्के किंवा त्याहून कमी झाला, किंवा आकुंचनाच्या शेवटी खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर झाला, तर तक्रार नसली तरी शस्त्रक्रियेचा विचार करावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘नॉर्मल’ या एका शब्दाने अशा माणसाची दुरुस्तीची वेळ निघून जाते.

मोजमापाचा काटेकोरपणा ही पुस्तकी हौस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०१८ आठवावं. पसरलेल्या कप्प्यामुळे होणाऱ्या गळतीवर शस्त्रक्रिया न करता पाकळ्या चिमटीत धरणारी क्लिप लावण्याचे दोन मोठे प्रयोग त्या वर्षी आले. फ्रान्समधल्या ‘मित्रा-एफआर’ या प्रयोगात काहीच फायदा दिसला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘कोॲप्ट’ या प्रयोगात दोन वर्षांतले मृत्यू ४६.१ टक्क्यांवरून २९.१ टक्क्यांवर आले. क्लिप एकच, आजाराचं नाव एकच, आणि निकाल परस्परविरोधी! कारणांची चर्चा अजून चालू आहे. पण एक फरक डोळ्यात भरतो: पहिल्या प्रयोगातल्या रुग्णांची गळती सरासरीने लहान होती आणि कप्पे जास्त फुगलेले होते; दुसऱ्यात गळती मोठी आणि कप्पे त्या मानाने लहान. हा फरक ‘मॉडरेट टू सिव्हिअर एमआर’ अशा शेऱ्यात कुठे दिसतो? भोकाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, मागे जाणारं रक्त मिलिलिटरमध्ये आणि कप्प्याचं आकारमान, एवढं लिहिलेलं असेल तरच दिसतो.

म्हणून खिशातल्या प्रोबचं स्वागत मी करतो ते एका मर्यादेत. त्याने गाळणी लावायची: या मुलाला पुढे पाठवायचं की नाही, या धाप लागलेल्या बाईची झडप अरुंद दिसते की नाही. युगांडात आणि फिजीत नर्सना शिकवून अशी गाळणी लावून पाहिली आहे, आणि ते जमतं. पण गाळणीत अडकलेल्या प्रत्येकाचा पूर्ण एको शिकलेल्या माणसाने, वेळ देऊन करायला हवा, आणि ती सोय नसेल तिथे गाळणी लावण्याआधी ती उभी करायला हवी. त्या पूर्ण एकोच्या कागदावर तपासणीच्या वेळचा रक्तदाब आणि हृदयाची लय लिहा. कोणती पाकळी, तिचा कोणता भाग, तंतू शाबूत की तुटलेला, हे लिहा. गळती किंवा अरुंदपणा आकड्यात लिहा आणि तो आकडा कोणत्या पद्धतीने काढला तेही लिहा. डाव्या कप्प्यांची मापं लिहा, मागच्या एकोतली मापं त्यांच्या शेजारी लिहा, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब लिहा. आणि चित्र धूसर असल्यामुळे एखादी गोष्ट मोजता आली नसेल, तर तिथे ‘माइल्ड’ न लिहिता ‘मोजता आलं नाही’ असं लिहा, कारण अन्ननलिकेतून करायच्या एकोसाठी या रुग्णाला पाठवायचं की नाही, हे पुढचा डॉक्टर तेवढ्या तीन शब्दांवरूनच ठरवणार असतो.